मामाच्या घरची तालीम

आमच्या मामांच्या घरात कधी काही हरवत नसे, आणि तरी त्या घरात कोणी निवांत बसल्याचं मला आठवत नाही. आता मी म्हातारी झाले. माझ्या घरात कात्री शोधायची तर सगळं घर उलथंपालथं होतं, सुना माझ्या नावानं बोटं मोडतात, आणि मी खुशाल पाय पसरून बसते. सापडेल तेव्हा सापडेल. लहानपणी सगळं इतकं वेळच्या वेळी सापडत आलं की आता थोडं हरवलेलं बरं वाटतं.

माझे वडील गेले तेव्हा मी पाटी धरायच्या वयाची होते. मायनं मला काखोटीला मारलं आणि मेहकरला भावाच्या घरी आली. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं त्यानंतरचे ते दिवस. मोठी माणसं ओट्यावर बसून, आता जरा काही झालं की नागपूरकडे तोंड करून बसा, अशी कुरकुर करत. मामा त्यात कधी नसत. कचेरी कुठली आणि साहेब कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे उंदराची.

प्लेग यायच्या आधी उंदीर पडत. कणगीमागं, न्हाणीत, कधी आढ्यावरून थेट खाली. मेलेला उंदीर दिसला की घर सोडायचं आणि साथ ओसरेपर्यंत शेतात झोपडी घालून राहायचं, हे तेव्हा लहान पोरांनाही माहीत होतं. हिवाळा लागला की बाया झाडू हातात घेण्याआधी कोपऱ्यात डोकावून पाहत. पण बाकीचं गाव उंदीर पडल्यावर घाबरायचं. आमचे मामा बारा महिने आधीच घाबरून ठेवत.

त्याला कारण होतं. ते मला मामीनं सांगितलं, आणि ही मामी म्हणजे त्यांची दुसरी बायको. पहिल्या साथीत मामांच्या दारात बैलगाडी जुंपून तयार होती आणि पेटीची किल्ली सापडेना. पेटीत दागिने. इथं बघ, तिथं बघ, ताकाचा डेरासुद्धा उपसून झाला. त्यातच दिवस मावळला. मग ठरलं की पहाटे निघू. पहाटे पहिल्या मामीच्या अंगात ताप होता. ती गेल्यावर तिला न्हाऊ घालताना किल्ली सापडली, तिच्याच पदराच्या गाठीत. मामी हे सांगताना आवाज खाली आणायची आणि लगेच आपला पदर चाचपायची. सवतीच्या पदरातली ती किल्ली तिलाही आयुष्यभर पुरली बिचारीला.

तर तेव्हापासून मामांनी घर असं लावलं होतं की बघणारा हसत तरी सुटावा, नाहीतर पळत तरी सुटावा. भिंतीवर खुंट्याच खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली चुन्यानं तिथल्या वस्तूचं चित्र काढलेलं. विळ्याच्या खुंटीखाली विळा, कंदिलाखाली कंदील, छत्रीखाली छत्री. वस्तू जागेवर नसली की ते पांढरं चित्र उघडं पडायचं आणि मामा त्याच्यासमोर उभे राहून नुसतं खाकरत. कोनाड्यात दिव्याशिवाय काही ठेवायचं नाही. अंथरुणं उजाडायच्या आत गुंडाळून दोरीनं बांधायची, आणि गाठ अशी की एका हिसक्यात सुटली पाहिजे. पेट्यांना कायम दोरखंड आवळलेले. तहसिलीतल्या तासाचे टोल पडले की त्या त्या टोलाचं काम ठरलेलं. कुठल्या टोलाला दूध, कुठल्याला अंघोळ, कुठल्याला धान्याला ऊन. टोल ऐकू आला नाही तर मामा माणूस पाठवून विचारून घेत की वाजवणारा जिवंत आहे ना.

त्यांचं एक बोलणं होतं. "हात घातला की सापडलं पाह्यजे." हे ते जेवताना म्हणत, चालताना म्हणत, आणि झोपेतही म्हणत असं मामी सांगायची. दिवसातून दोनदा, हात मागं बांधून, घरभर फिरायचे आणि एकेका वस्तूला काठीचं टोक लावायचे. मारायचे नाहीत, नुसतं लावायचे. विळा, कंदील, छत्री, पोहरा. कधी कधी आमच्याही डोक्याला ती काठी हळूच टेकायची.

एकदा देऊळघाटहून मामीचा भाऊ पाहुणा आला. गडी मोकळाढाकळा. आल्या आल्या पागोटं एका खुंटीला, सदरा दुसऱ्या खुंटीला आणि जोडे उंबऱ्यात तिरपे सोडून गप्पांना बसला. सकाळी उठून बघतो तर पागोटं, सदरा, जोडे, तंबाखूची पिशवी, सगळं एका धडप्यात बांधून उशाशी ठेवलेलं. त्याला वाटलं, आपल्याला हाकललं. तो तसाच गाठोडं उचलून निघाला. मामी रडकुंडीला आली. मामा दारात आडवे आले आणि म्हणाले, हाकललं नाही हो, तुमचं तयार ठेवलं. पाहुणा पुन्हा कधी मुक्कामाला राहिला नाही. गावात मामांना गाठोडेवाले म्हणत ते उगीच नाही.

आणि मग तालीम.

पंधरवड्यातून एकदा, कुठल्या दिवशी ते आधी न सांगता, मामा अंगणात उभे राहून काशाची थाळी बडवत. थाळी वाजली की हातातलं काम टाकून आपापली वस्तू उचलायची आणि निघायचं, थेट पैनगंगेच्या अंगाच्या आमच्या शेतात. तिथं कडब्याची आणि तुराट्यांची झोपडी बारा महिने शाकारून तयार, आत दोन-चार भांडी. मामांकडे पेटी आणि बैल. मामीकडे देव्हाऱ्यातले देव आणि पिठाचा डबा. मामेभावाकडे अंथरुणं. माझ्याकडे कंदील. झोपडीपाशी पोचलो की प्रत्येकानं आपली वस्तू ठरल्या जागी ठेवायची, मामा काठी लावत जाणार, आणि मग आम्ही सगळे तसेच घरी परत.

त्या तालमीत माय नसायची. पहिल्याच खेपेला मामांनी तिला सांगितलं होतं, "बाई, तू राय. आमी येतोच जेवाले." कोणीतरी चुलीपाशी पाहिजेच ना. आम्ही धुळीनं माखून, पाय ओढत परत यायचो तेव्हा माय भाकरी थापत असायची. गरम भाकरी, पिठलं, वर ठेचा. मामासुद्धा त्या दिवशी एक भाकरी जास्त खात. घर वेळेत निघालं आणि वेळेत जेवायला बसलं, याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसायचं. माय वाढत राहायची. तिला घरात सगळे कामापुरती हाक मारत, आणि तीही कामापुरतीच ओ देई. नवरा गेलेली बहीण भावाच्या घरी कशी राहते ते ज्यानं पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

तालमीचा एक नियम होता आणि तोच सगळ्यात कडक. थाळी वाजली की ही तालीम आहे की खरं आहे, हे विचारायचं नाही. विचारत बसलं, बोलत बसलं की पाय थांबतात, असं मामांचं म्हणणं. प्लेग हा शब्दही घरात काढायचा नाही. समोर एक पिंजारी चाचा राहत, गाद्या उशा पिंजून देत. आमची वरात निघाली की ते हातातली धनुकली थांबवून विचारत, "क्यों भाई, सच्ची है या झूठी?" मामा मान खाली घालून पुढं जात. चाचा हसत, आणि त्यांच्या बीबी आतून हसत. मला फार लाज वाटायची, कारण कंदील भर उन्हात घेऊन चालायचा असे.

त्या दिवशी थाळी दुपारी वाजली. मी अंगणात ठिकरीनं खेळत होते. उठले, कंदील काढला, निघाले. मामीनं देव घेतले. भावानं अंथरुणं. मामांनी बैल सोडले, पेटी लादली. सगळं नेहमीसारखं, उलट नेहमीपेक्षा बरं झालं, कारण कोणाची गाठ अडली नाही. चाचांनी विचारलं, मामांनी मान खाली घातली. फक्त वाटेत ते मागं वळून पाहत नव्हते, एरवी सारखे पाहत. मला ते नंतर कळलं.

झोपडीपाशी पोचलो. वस्तू ठेवल्या. मामांनी काठी लावली. देव, डबा, अंथरुणं, कंदील, पेटी. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "आज खरं हाय. गोठ्यात दोन पडले होते."

मामी देवांपुढं हात जोडून बसली. भाऊ रडायला लागला. मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते की भिऊ नको, आपण सगळ्यात आधी निघालो, काही राहिलं नाही, एक चमचा राहिला नाही. खरंच राहिला नव्हता. आणि मी म्हणाले, "माय कुठं हाय?"

मामांचा हात भावाच्या पाठीवर तसाच राहिला. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. दिवस कलला होता, आणि माय त्या घरात एकटी चुलीपाशी बसून आमच्यासाठी पीठ मळत असणार, हे आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. काऊन कोणाला आधी दिसलं नाही? कारण तालमीत ती कधीच नव्हती. ज्याला त्याला आपापलं उचलायचं पक्कं माहीत होतं, आणि मायला उचलायचं कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मामा उठले आणि काठी न घेता पळत सुटले. मी तोवर त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं.

पुढचं मला चाचांनी सांगितलं. मामा गल्लीत आले आणि दारापाशी थांबले. उंबरा ओलांडेनात. पहिली बायको ज्या घरात गेली, तेच घर. बाहेरूनच त्यांनी हाक मारली. माय हाताचं पीठ पुसत दारात आली आणि म्हणाली, "दादा, भाकरी झाल्या. बसता काय?" मामा म्हणाले, चाल. ती म्हणाली, चुलीवर कालवण आहे. मामा म्हणाले, राहू दे, काही घेऊ नको, काहीच घेऊ नको. मग तिनं सहज सांगावं तसं सांगितलं की कणगीपाशी एक उंदीर पडला होता, तो तिनं चिमट्यानं धरून उकिरड्यावर फेकला.

मामा मागं सरले. सख्ख्या बहिणीपासून मागं सरले. चाचा हे सांगताना मान हलवायचे. त्यांनी त्याही वेळी विचारलं होतं, सच्ची है? आणि मामांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा उत्तर दिलं, "सच्ची." चाचांनी त्याच संध्याकाळी बायकापोरांना घेऊन घर सोडलं. चाचा मरेपर्यंत मामांना दुवा देत होते.

माय शेतात आली ती मामांच्या बरीच मागं चालत, मोकळ्या हातांनी. मी धावले तर मामीनं माझी वेणी धरून ओढलं. शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीपाशी मामांनी मायसाठी वेगळं खोपट घातलं आणि त्याच्याभोवती दगड मांडले. दगडाच्या आत कोणी जायचं नाही, तिनं बाहेर यायचं नाही. शिधा दगडापाशी ठेवायचा, माघारी फिरायचं, मग तिनं उचलायचा. ताप येतो की नाही ते कळायला काही दिवस लागतात असं सगळे म्हणत. किती, ते मला कोणी सांगेना. मी विचारलं की मामी माझ्या तोंडात गूळ कोंबायची.

ते दिवस मी विसरणार नाही. सकाळी डोळा उघडला की आधी बाभळीकडे बघायचं. मायच्या चुलीचा धूर वर गेला की माय उठली. धूर दिसला की मी तोंड धुवायला उठायचे, आणि दुपारी पुन्हा बाभळीकडे बघत बसायचे. मामी आम्हा पोरांच्या काखा आणि जांघा चाचपायची, गाठ आहे का बघायची. तिचे हात थंडगार असायचे. तिकडे गावातून माणसं गाड्या भरून येत होती, आमच्या शेताच्या आजूबाजूला झोपड्या वाढत होत्या, आणि कोणाच्या घरी कोण गेलं ते वाऱ्याबरोबर कानावर पडत होतं.

आणि मामा! ज्या माणसानं आयुष्यभर खुंट्या मोजल्या, त्याचा कंदील दिवसाढवळ्या जळत राहायला लागला. बैलाचा कासरा वाटेत लोळत पडला आणि ते त्याच्यावरून चालत गेले. एक दिवस सदरा उलटा घातला तो तसाच अंगावर राहिला आणि मामीलाही सांगायचा धीर झाला नाही. शेतात टोल ऐकू येत नव्हता, म्हणून की काय, त्यांनी मायलाच घड्याळ केलं. झोपडी आणि खोपट यांच्या मध्ये बसून राहत आणि घटकाघटकेला हाक मारत. "बाई!" तिकडून माय म्हणायची, "हाव." थोड्या वेळानं पुन्हा, "बाई!" पुन्हा, "हाव." एकदा ती वैतागून म्हणाली की दादा, मी मेली तं तुमाले सांगीन. सगळ्या शेतात ती एकटीच हसली.

मग एका सकाळी धूर आला नाही.

मी बघत राहिले. बाभळीच्या शेंड्याला ऊन लागलं तरी धूर नाही. मी मामांकडे बघितलं. ते माझ्या आधीपासून बघत होते. त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. आणि मग ते उठले, धावले, आणि स्वतः मांडलेल्या दगडांवरून, एक दगड पायानं उडवत, आत गेले. मामी किंचाळली. मीही धावले, आता माझी वेणी धरायला कोणी नव्हतं.

माय चुलीपुढं ओणवी बसली होती. रात्री दहिवर पडून काड्या ओल्या झाल्या होत्या, आणि ती फुंकणीनं फुंकत होती, जीव खाऊन. तोंडात फुंकणी, म्हणून ओ देता आली नव्हती. डोळे लाल, नाकावर राख. मामांना आत आलेलं बघून ती घाबरून मागं सरली आणि म्हणाली, दादा, दगडाच्या आत काऊन आले? मामांनी तिच्या कपाळाला हात लावला. मग गालाला. मग पुन्हा कपाळाला. अंग गार होतं. ते तिथंच मातीत बसले. मी मायच्या मांडीत शिरले. तिच्या लुगड्याला धुराचा वास होता, आणि मला आजही कुठं चूल पेटली की रडू येतं ते तेवढ्याचसाठी.

मग मामांनी विचारलं. इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते.

"बाई, तुले वाटलं तालीम हाय. म्हनून राह्यली न तू?"

मायनं फुंकणी खाली ठेवली. ती खोटं बोलू शकली असती, आणि मला वाटतं मामांनाही तेच हवं होतं.

"नाही दादा," ती म्हणाली. "तो उंदीर सकाळीच पडला होता. ज्वारी काढाले गेली तवा म्याच पाह्यला. थाळी वाजली तवाच मले समजलं."

"मंग काऊन नाही आली?"

माय माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. तिचा आवाज चढला नाही की भरूनही आला नाही. तांदूळ निवडताना बोलावं तशी ती बोलली.

"ज्याच्या त्याच्या हाती कायनाकाय होतं. मले काय घ्याचं ते कोनी सांगितलंच नोतं. आन् भावाच्या मांगं रिकाम्या हातानं कशी येऊ?"

मामांनी मान वर केली नाही. मला त्यांचा त्या क्षणी इतका राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. तू माझी बहीण आहेस, नुसती चल, एवढं म्हणायला काय जात होतं? पण ते त्यांना म्हणता आलं नाही. तशी भाषाच नव्हती त्यांच्याकडे. त्यांचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं, आणि शेवटी जे निघालं ते असं.

"पानी तुझ्याकडं. पिण्याच्या पान्याची कळशी. तुझ्याबिगर तिले कोनी हात लावनार नाही. आन् पानी भायेर पडल्याबिगर या घरातून कोनी पाय उचलनार नाही. मी बी नाही."

मायनं त्यांच्याकडे बघितलं. मी तिचं तोंड बघत होते. वडील गेल्यापासून ते तोंड मी असं पाहिलं नव्हतं.

"कोनती कळशी, दादा?" तिनं विचारलं. "तांब्याची?"

"तांब्याची."

मग तिनं मला मांडीवरून उतरवलं, दगडांच्या बाहेर पाऊल टाकलं आणि आमच्या झोपडीपाशी जाऊन कळशी उचलली. मामी बाजूला झाली. माय नदीवर गेली, आम्ही सगळे तिच्या मागं. परत येताना भरलेली कळशी कमरेवर घेऊन ती सगळ्यांच्या पुढं चालत होती, आणि मामा, उलट्या सदऱ्यानं, तिच्या पावलाच्या पुढं पाऊल पडू देत नव्हते.